शून्य ओळी सापडल्या

कचेरीत तिला सगळे इंडेक्सताई म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नाही, पण पाडलं ते चेष्टेतच असणार, कारण ही बाई येताजाता त्या एकाच विषयावर बोलायची. कुणी नुसतं म्हणालं की आज कंप्युटर फार रखडतोय, की हिने खुर्ची ओढलीच. "इंडेक्स आहे का त्याच्यावर? नाही ना? मग तो बिचारा काय करील." पुढे चेष्टा विरली आणि नाव तेवढं उरलं. तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

कचेरी हरवलेल्या माणसांच्या शोधाची. दोन मजली इमारत, खाली लोकांसाठी बाकं आणि काचेची खिडकी, वर यंत्रं आणि ताई. माहिती यायची तीन खात्यांकडून. पोलीस चौक्यांकडून, म्हणजे घरच्यांनी दिलेल्या तक्रारी. इस्पितळांकडून, म्हणजे रस्त्यात सापडलेली, बेशुद्ध, नाव सांगता न येणारी माणसं. आणि आसरागृहांकडून, जिथे अशी माणसं जरा हिंडूफिरू लागली की पाठवतात. आता या तिन्ही खात्यांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं सख्य. आमच्या नोंदी त्यांच्या हातात नकोत, त्यांच्या आमच्यात नकोत. बैठकांवर बैठका झाल्या, बिस्किटांचे डबे रिकामे झाले, आणि शेवटी ताईनेच तोड काढली. डेटाबेस एकच ठेवायचा, पण आत ज्याला त्याला आपापली खोली. कंप्युटरवाले त्या खोलीला स्कीमा म्हणतात. एका खोलीतल्याला दुसरीत डोकावायची सोय नाही, आणि सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या ताईकडे.

तिचं खरं काम मात्र वेगळंच होतं आणि त्याचा तिला फार अभिमान होता. ती येण्याआधी अंगावरच्या खुणा लोक मनाला येईल तशा लिहीत. कुणी लिही 'डाव्या हाताची करंगळी अर्धी', कुणी 'करंगळी तुटकी, डावी', तर कुणी नुसतंच 'बोट नाही'. हे जुळवायचं कुणी आणि कसं? ताईने डेटाबेसला एक नवा प्रकारच शिकवला. त्याला आकडा कळतो, तारीख कळते, तशी आता खूण कळायला लागली. खूण म्हणजे बाजू कुठली, अवयव कुठला आणि तिथे काय झालंय. दोन खुणा समोर आल्या तर आधीची कुठली, नंतरची कुठली, हा नियमही तिनेच लिहून दिला. नियम लागतो, कारण इंडेक्स म्हणजे शेवटी लावलेली रांग. रांग नीट असली की शोधणाऱ्याला प्रत्येकाचं तोंड बघावं लागत नाही. मधेच शिरून 'इकडे का तिकडे' एवढंच विचारत तो बरोबर जागी पोचतो. तिन्ही खोल्यांत तिने अशा रांगा लावल्या. पूर्वी एक शोध संपेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, आता कप उचलायच्या आत उत्तर.

खाली खिडकीशी बसलेल्या माणसाला हे उत्तर सांगायचं काम दुसऱ्यांचं. पण कुणी फार रडायला लागलं, पुन्हा बघा हो म्हणून काचेला धरून बसलं, तर ताई स्वतः खाली यायची. समजूत काढायची, पाणी द्यायची. आणि ठामपणे सांगायची, "दादा, आहे तर आहे आणि नाही तर नाही. आमच्या नोंदीत असता तर सापडला असता." तिच्या बोलण्यात इतकी खात्री असे की माणसं उठून घरी जात.

लग्न तिने केलं नव्हतं. म्हणजे जमलं नाही, मग राहूनच गेलं, मग लोकांनी विचारायचं सोडलं. आई आणि ती, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आईने उभा जन्म पुस्तकं बांधायच्या कारखान्यात घालवला होता, आणि तिथल्या कागद कापायच्या यंत्राने तिच्या डाव्या करंगळीचं टोक नेलं होतं. आई त्याचं काही दुःख करायची नाही. उलट मुलं लहान असताना ते अर्धं बोट नाकाला लावून, बघा बोट नाकात गेलं, म्हणून त्यांना हसवायची. थोरला मुलगा, म्हणजे ताईचा दादा, लिफ्ट दुरुस्त करायचा. तो बायकोबरोबर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. ताईला तो अजून चिमी म्हणायचा, तिचे केस पांढरे व्हायला लागले तरी.

गेली काही वर्षं आई विसरायला लागली होती. आधी गॅस, मग तारखा, मग शेजारीण. पण मुलांना विसरली नव्हती. ताई कामावर गेली की सोबतीला एक बाई येऊन बसायची.

याच सुमारास कचेरीच्या साहेबांनी एक बदल सांगितला. घरचे लोक घाबरलेले असतात, डावं-उजवं चुकवतात. समोरच्या माणसाचं डावं आपल्या उजवीकडे दिसतं, मग तक्रारीत उलटं लिहिलं जातं. शोध अडतो तो तिथे. तेव्हा बाजू शेवटी धरायची, आधी अवयव बघायचा. ताईला पटलं. तिने आपला तो आधीचं कुठलं नंतरचं कुठलं ठरवणारा नियम बदलला. नियम बदलला की त्याने लावलेल्या रांगा मोडून पुन्हा लावाव्या लागतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. इतरांना ती हेच शिकवत आली होती. तिने यंत्राला विचारलं, खुणांवरचे इंडेक्स कुठले कुठले आहेत? यंत्राने दाखवले तेवढे सगळे तिने नव्याने बांधले. मग तिन्ही खोल्यांत एकेक खोटी खूण घालून शोधून पाहिली. तिन्हीकडे सापडली. ताईने कंप्युटर बंद केला आणि आईसाठी केळी घेऊन घरी गेली.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी आई गेली. गेली म्हणजे घरातून गेली. सोबतीची बाई गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेली होती, तेवढ्यात. दार उघडं, चहा कपात तसाच, आणि आई घरातल्या सपाता घालून जिना उतरून कुठे निघून गेली ते कुणी पाहिलं नाही.

कळलं तशी ताई घरी धावली. पण खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी तिला एक धीरही होता, आणि तो इतरांना नव्हता. आपण कुठे काम करतो? जगातल्या सगळ्या माणसांची आई हरवली तर त्यांनी आपल्याच दारात यायचं. तिने चौकीत तक्रार दिली, धावत कचेरीत आली, वर जाऊन स्वतःच्या हाताने खूण घातली. करंगळी, टोक नाही, डावी. पडद्यावर उत्तर आलं: शून्य ओळी सापडल्या.

दुसऱ्या दिवशी शून्य. त्याच्या पुढच्या दिवशी शून्य. दिवसभरात पन्नासदा ती तेच विचारी आणि पन्नासदा तेच उत्तर. फोटोवरून जुळणी होते ना, असं लोक विचारत. होते, पण रस्त्यातून उचलून आणलेल्या माणसाचा सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो पोटच्या पोरालाही ओळखू येत नाही. नावावरून म्हणाल, तर आई घाबरली की नावच सांगत नसे. उरली होती ती खूणच, आणि खुणेचा शोध ताईहून चांगला कोण घेणार?

दादा मात्र गावभर हिंडून शोधत होता. काम संपलं की स्कूटर काढायची, एक गल्ली, दुसरी गल्ली, बसचा डेपो, बागा, दुकानांच्या पायऱ्या. आईचा फोटो प्लॅस्टिकमध्ये घालून त्याने गळ्यात अडकवला होता. वहिनी त्याला जेवायला बसवायची तर तो उभ्यानेच दोन घास खाऊन पुन्हा बाहेर. ताईला त्याची कीव यायची. थोडा रागही यायचा, कारण हे सगळं तिला वेड्यासारखं वाटायचं. "दादा, तू कशाला वणवण करतोस? तिन्ही खात्यांच्या नोंदी माझ्या हाताखाली आहेत. कुठेही सापडली, कुणीही दाखल केली, की मला त्याच क्षणी कळणार."

एका दुपारी त्याचा फोन आला. नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळाच्या गेटपाशी तो उभा होता. पहारेकरी आत सोडत नव्हता. वॉर्डात फिरायचं तर वरून चिठ्ठी आणा म्हणत होता. दादा म्हणाला, "चिमे, मी इथे भांडतो याच्याशी. चिठ्ठी कुठे मिळते ते बघतो. एकदा आत जाऊन सगळे वॉर्ड बघून येतो."

ताईने बोलता बोलताच खूण घातली. शून्य ओळी. "तिथे नाही रे आई."

"तरी पण बघतो ना. आलोच आहे तर."

"मी आत्ता, या मिनिटाला बघितलं. तिथे करंगळीचं टोक नसलेलं एकही माणूस नाही. उगीच वेळ घालवू नकोस. तू डेपोकडे जा, ती बसमध्ये बसून कुठे गेली असली तर."

दादा मग म्हणाला, "बरं, तू म्हणतेस तर." आणि तो स्कूटर वळवून डेपोकडे गेला.

आठवडे गेले. ताईला खाल्लेलं पचेना, झोप लागेना. घरी आईची खाट बघवत नाही म्हणून ती रोज जास्त वेळ कचेरीत बसायला लागली. आधी यंत्रावर विश्वास होता म्हणून विचारायची, आता दुसरं काही करता येत नाही म्हणून विचारायची. शून्याला अर्थ दोनच, असं तिने स्वतःच्या मनाशी धरलं होतं. एक तर आई कुणाच्या तरी घरात आहे. किंवा ती कुठे तरी अशा जागी पडली आहे जिथे अजून कुणी गेलं नाही. दुसरा अर्थ मनात आला की ती उठून तोंडावर पाणी मारून यायची.

दादा एकदा कचेरीतच आला. वाळला होता, दाढी वाढली होती, गळ्यातल्या फोटोच्या दोरीने मानेला करकोचा पडला होता. जिना चढून वर आला आणि तिच्या टेबलाशी उभा राहिला.

"काही?"

"नाही."

"तुझं यंत्र शोधतंय, चिमे," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तो फक्त दमला होता. "तू कुठे शोधतेयस? मी निदान दारं तरी वाजवतोय."

ताईला हे झोंबलं. तिने त्याला फाडफाड बोलायला तोंड उघडलं, की तुला काय कळतं, मी इथे काय बसून गाणी म्हणतेय का. पण तोवर तो जिना उतरून खाली बाकावर जाऊन लोकांच्यात बसला होता. हात गुडघ्यांवर ठेवून, इतर सगळे बसतात तसाच. ते तिने वरून पाहिलं.

मग तिने एक असं काम केलं जे तिच्या धंद्यात कुणी करत नाही. ज्याला काम येत नाही तोच करतो, असं ती स्वतः म्हणाली असती. इंडेक्स बाजूला ठेवला. खूणच घातली नाही. इस्पितळांच्या खोलीत शिरून यंत्राला म्हणाली, आई गेल्यापासून दाखल झालेल्या सगळ्या अनोळखी म्हाताऱ्या बायका दाखव, जशा असतील तशा. आणि पहिल्या ओळीपासून डोळ्यांनी वाचायला बसली.

किती ग बाई या म्हाताऱ्या. कुठल्या कुठल्या. कुणाच्या कपाळावर खोक, कुणाच्या पायात चांदीचं वळं, कुणी स्वतःचं नाव म्हणून गेलेल्या मुलीचं नाव सांगतेय. ताई वाचत गेली. डोळ्यांची आग व्हायला लागली. साहेब डोकावून गेले, चहा आला आणि गार झाला. आणि मग एक ओळ आली. अनोळखी स्त्री, वय सत्तरीपुढे, डेपोजवळ पडलेली आढळली, खुब्याचं हाड मोडलेलं, काही सांगत नाही. खूण: करंगळी, टोक नाही, डावी. इस्पितळ: नदीपलीकडचं.

ताईने ती ओळ तशीच ठेवली. शेजारी दुसरी चौकट उघडली आणि तीच खूण, तीच अक्षरं, पुन्हा शोधायला दिली.

शून्य ओळी सापडल्या.

एका डोळ्यासमोर आई आणि दुसऱ्या डोळ्यासमोर 'आई नाही'. बिघाड कुठला ते ओळखायला तिला वेळ लागला नाही. नियम बदलला त्या दिवशी ती बसली होती चौक्यांच्या खोलीत. तिथून इंडेक्स दाखव म्हटलं की यंत्र त्या खोलीतले दाखवतं आणि सगळ्यांसाठी असलेल्या एका चौथ्या, सामाईक खोलीतले. बाकीच्या खोल्यांतले हवे असतील तर त्या खोल्यांचं नाव घेऊन विचारावं लागतं. तिने नाव घेतलं नव्हतं. इतक्या वर्षांत हजारदा केलेलं काम, हाताला इतकं बसलेलं, की हाताने ते केलं आणि डोकं केळ्यांकडे होतं. यंत्राने विचारलं तेवढं सांगितलं. तिने दाखवलं तेवढं दुरुस्त केलं.

म्हणजे इस्पितळं आणि आसरागृहं या दोन खोल्यांत रांगा जुन्या नियमाने लागलेल्या आणि शोधणारा नव्या नियमाने विचारत चाललेला, इकडे का तिकडे. भलत्याच वळणावर वळायचा, तिथे कुणी नाही बघायचा, आणि येऊन शपथेवर सांगायचा की नाही. नवी माणसंही त्याच बिघडलेल्या रांगेत कुठे तरी घुसत. घुसल्या घुसल्या शोधलं तर सापडत, तिच्या खोट्या खुणा सापडल्या तशी. मागून आणखी चारजण आले, रांग हलली, की गेली. कधी सापडे, कधी नाही. सगळंच बंद पडलं असतं तर पहिल्याच दिवशी बोंब झाली असती. अधूनमधून कुणी तरी सापडत होतं, म्हणून कुणाला संशय आला नाही.

ते काम तिच्या हातांशिवाय दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. प्रत्येक खोलीचं नाव घेऊन तिने खुणांवरचे सगळे इंडेक्स नव्याने बांधायला लावले आणि यंत्र चालू असतानाच इस्पितळात फोन लावला. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, हो, आहेत त्या आजी. मग म्हणाली, तुम्ही घरच्या आहात का? लवकर या.

ती जिन्याकडे निघाली तेवढ्यात मागे यंत्र बोलायला लागलं. जुळणी झाली की ते एक बारीक घंटी वाजवतं. एक वाजली. मग दुसरी. मग थांबेचना. कित्येक आठवडे रखडलेल्या जुळण्या एकामागून एक बाहेर पडत होत्या. ताईने वळून पाहिलं. काही ओळींपुढे 'दाखल' होतं, काहींपुढे 'मयत'. यांतल्या कित्येकांच्या घरच्यांना ती स्वतः खाली जाऊन पाणी देऊन आली होती.

साहेब धावत आले. तिने त्यांना उभ्या उभ्या सांगितलं, काय झालं आणि कुणाकडून झालं. साहेबांचा चेहरा पडला. "ताई, आता दुरुस्त झालं ना? मग बाहेर बोलायची काही गरज आहे का? गुपचूप कळवू एकेकाला."

"साहेब, आपण त्यांना नाही म्हणून सांगितलंय," ताई म्हणाली. "आजच बोलवा सगळ्यांना. माझ्या नावाने बोलवा."

खाली दादा अजून बाकावरच होता. तिने त्याच्या खांद्याला हात लावला. "आई सापडली. नदीपलीकडे." एवढंच म्हणाली. स्कूटरवर त्याच्या मागे बसून जाताना तिला त्याची पाठ दिसत होती आणि ती पाठ आनंदाने रडत होती. पुढचं सांगायचा तिला धीर झाला नाही.

लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, शेवटच्या टोकाला भिंतीलगत आई. केस बारीक कापलेले. हातांच्या नुसत्या काड्या. श्वास घेताना छातीतून घरघर ऐकू येत होती. दादाने तिला हाक मारली, तिने डोळे उघडले नाहीत.

सिस्टर भली बाई होती. ती आपली सांगत होती, "आल्या त्याच दिवशी आम्ही कंप्युटरात घातलं सगळं. आजींना सांगितलं पण, की घरचे शोधत असतील तर त्यांना लगेच कळेल, काळजी करू नका. सुरुवातीला दाराकडे डोळे लावून असायच्या. कुणी आत आलं की मान उचलायच्या. मग ते थांबलं. खायच्याही थांबल्या."

डॉक्टर आला. तरुण होता, घाईत होता, पण त्यानेही आवाज खाली घेतला. हाड काही जीव घेत नाही, म्हणाला. पडून पडून छाती भरली आहे. या वयात कुणी जवळचं माणूस असतं, उठवून बसवतं, आग्रह करून चार घास घालतं, त्याने फरक पडतो. आणखी आधी आला असता तर. आता औषध चालू आहे, पण फार आशा धरू नका.

दादाने खाटेच्या कडेला हात टेकला. मग त्याने मान वळवली. "मी गेटपाशी आलो होतो, चिमे. त्या दिवशी ती इथे होती?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. यंत्र बिघडलं होतं म्हटलं असतं तर त्याने मान्य केलं असतं, त्याला त्यातलं काय कळणार होतं. "होती," ती म्हणाली. "याच खाटेवर होती. माझ्या हातून चुकलं, दादा. यंत्राचं काही नाही. मी दोन खोल्यांत बघायलाच विसरले आणि मग सगळ्यांना नाही नाही म्हणून सांगत बसले. तुलाही."

तिला वाटलं तो मारेल. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला, गळ्यातला फोटो काढला, दोरी गुंडाळून खिशात ठेवला. मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आईला यातलं काही सांगायचं नाही."

ताईने मान हलवली. ती खाली वाकली आणि तिने आईचा डावा हात हातात घेतला. बोटं गार होती. ती चोळत राहिली. तेव्हा कुठे आईने डोळे उघडले, इकडे तिकडे पाहिलं, आणि मग नजर तिच्यावर येऊन थांबली.

"चिमे," आई म्हणाली. आवाज इतका बारीक की ताईला कान तोंडाजवळ न्यावा लागला. "किती उशीर केलास गं."

"हो आई."

"ऑफिसात काम होतं?"

ताईने दादाकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता.

"हो," ती म्हणाली. "काम होतं."

आईने थोडा वेळ श्वास घेतला. जमेल तेवढा घेतला. मग तिने दुसरा हात उचलून ताईच्या हातावर ठेवला आणि नेहमी रागवायची तशीच, अगदी हळू, तिला रागावली.

"मग फोन करून सांगायचंस ना. मी आपली वाट बघत बसले."